पसंतीक्रम आणि अवर्षण चतुष्कोन

दहावीच्या वेळापत्रकात भूगोलाचा पेपर शेवटी असतो. मी भूगोल शिकवतो. म्हणजे माझा विषय येईतो पोरांची परीक्षा मनातून संपलेली असते. २०२० साली तर हा पेपर झालाच नाही. २३ मार्चला व्हायचा होता. आधी पुढे ढकलला, मग टाळेबंदीत रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. माझ्या शिकवण्यानं भूगोलात एवढे गुण आमच्या पोरांना कधी पडले नव्हते. एक पालक पेढे घेऊन आले आणि मनापासून म्हणाले, "सर, औंदा तुमचा विषय लय भारी झाला."

ज्याचा पेपर शेवटी, त्याला मोकळा वेळ फार, असं आमच्या मुख्याध्यापकांचं गणित आहे. त्यामुळे दहावीच्या पोरांना परीक्षेला तयार करणं आणि 'पुढं काय' ते सांगणं ही दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली.

आमची शाळा माण तालुक्यात. सह्याद्रीवर पाऊस पाडून रिकामे झालेले ढग आमच्या डोक्यावरून नुसते हजेरी लावून जातात. दहावीचं भूगोलाचं पुस्तक मात्र भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. ब्राझीलच्या ईशान्येला 'अवर्षण चतुष्कोन' आहे. अजस्र कडा वारे अडवतो, पलीकडं पाऊस पोचत नाही. हे मी फळ्यावर रंगीत खडूनं रंगवत असतो, तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजतो आणि मागच्या बाकावरची पोरं घागरी लावायला जायची परवानगी मागतात. सराव परीक्षेत हीच पोरं पर्जन्यछायेचा प्रश्न सोडून देतात. कारण विचारलं तर, "सर, ते ब्राझीलचं हाय, पाठ नव्हतं."

भारतात दुपारचे बारा वाजतात तेव्हा ब्रासिलियात किती वाजलेले असतात, एवढं मात्र कुणाचं चुकत नाही. पहाटेचे साडेतीन. त्याची खूण मी सांगून ठेवली आहे: फेब्रुवारीत आई अभ्यासाला उठवते ती वेळ.

तसं परीक्षेचं काम सरळ असतं. नकाशा पेन्सिलीनं भरा, सूची विसरू नका, पुरवणी घट्ट बांधा, शेवटची जादा १० मिनिटं ही शेजाऱ्याच्या पेपरचा अभ्यास करायला दिलेली नाहीत, हे चारदा सांगितलं की झालं. घरचेही आपापल्या परीनं हातभार लावतात. "चित्रं काढून पोट भरतं का?" म्हणून वही भिरकावणारे वडील त्याच पोराला इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला स्वतः सोडायला येतात, कारण 'अ' श्रेणीला दहावीत ७ गुण वाढून मिळतात. ते पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर.

खरी परीक्षा निकालानंतर, आणि ती पोराची नसते. मध्यंतरी, २०१६ पासून काही वर्षं, दहावीच्या मुलांची सरकारी कलचाचणी होत असे. पोराचा कल कुठं आहे ते छापून यायचं. आयुष्यात कधी पूर्ण गणवेशात शाळेत न आलेल्या एका वीराचा कल 'गणवेशधारी सेवा' असा निघाला. तो कागद मी वर्गात दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्याचा कल निघाला कला शाखेकडे. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर.

"सर, ह्याचं रिचेकिंग हुतं का?"

"कलाचं रिचेकिंग नसतं हो."

"मग फी भरून परत बसवा की त्याला. तवा ताप आल्ता."

शेवटी त्यांनीच मला समजावलं. "सायन्सवरनं आर्ट्सला कवाबी येता येतं. आर्ट्सवरनं सायन्सला जाता येतं का?" येत नाही, हे खरंच. भूगोलाचा माणूस म्हणून मला हे पटायला हवं होतं: सायन्स हे पठार, कॉमर्स हा उतार, आर्ट्स हे खोरं, आणि पाणी खालीच वाहतं. म्हणून सगळ्यांनी आधी पठार चढायचं, तिथं दोन वर्षं दम लागून बसायचं आणि मग मुकाट खोऱ्यात उतरायचं. एवढी उलटी पायपीट आमची माणगंगाही करत नाही. ती बिचारी बहुतेक महिने कोरडी पडून असते.

एकदा मी धाडस करून सांगितलं की विज्ञान शाखेतही भूगोल घेता येतो. खोलीत क्षणभर शांतता. मग एका आईनं हळूच विचारलं, "स्कोरिंग हाय का?" एका काकांनी, जे कुणाचे काका होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, "पण त्याला स्कोप काय?" असं विचारून विषय मिटवला.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले आणि १० महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम भरता येऊ लागला. आमच्याकडं पहिली पसंती वडिलांची, दुसरी पुण्याच्या मामाची, तिसरी क्लासवाल्यांची, चौथी जिथं शेजारच्याचं पोरगं जातंय तिथली. पोराचा नंबर लागलाच तर आठवा-नववा. गंमत म्हणजे पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वडिलांची इच्छा पूर्ण झाली की पोराचे मार्ग बंद.

तेव्हा पालकांना हात जोडून एक विनंती आहे. विषय आणि पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा मामाला फोन लावण्याआधी पोराला शेजारी बसवा. त्याला काय घ्यायचंय ते विचारलं तर उत्तमच. पण निदान बसवा तरी. लॉगिनचा पासवर्ड घरात फक्त त्यालाच पाठ असतो.