नवशिक्यांसाठी : मुंबई ते नागपूर अंतर काढण्याची सोपी रीत

साहित्य : नकाशा, फूटपट्टी, नागपुरात राहणारा एक मामा.

नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारा. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेघ खरी सरळ नसते, पण एवढ्याशा अंतरात ते कोणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कला निघालेल्यांनी मात्र पृथ्वीगोल आणून त्यावर दोरा ताणावा. तो उत्तरेकडे किती चढतो ते पाहून चक्कर येईल. आपल्या रेघेचे उत्तर 685 किलोमीटरच्या आसपास यावे. रेल्वेने हेच अंतर 837 भरते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे खरा, पण तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून. आमण्यापर्यंत पोचणे ज्याच्या त्याच्या पूर्वपुण्याईवर.

आता भागाकार. जेट विमान ताशी 800 किलोमीटर जाते असे धरा. उत्तर : 51 मिनिटे. तिकिटावर दीड तासाच्या आसपास काहीतरी छापलेले असेल. भांडायला जाऊ नका. कंपनीचे घड्याळ विमान जागेवरून हलले की सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभे राहिले की थांबते. मधे धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी धडपणे वापरता येत नाहीत. मग परतीच्या प्रवासात विमान आकाशात घिरट्या घालते आणि आपण खिडकीतून तीच खाडी पुन्हा पुन्हा पाहतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना थोडे लवकर, येताना थोडे उशिरा. ही मिनिटे वाचवून त्यांचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

अवघड भाग इथून पुढे आहे. समजा तुम्ही डोंबिवलीचे. जलद लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथून दुसरी मेट्रो बदलून टर्मिनल दोन. लोकलमध्ये बॅग डोक्यावर धरायची तयारी ठेवा. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून त्याच्याही तासभर आधी पोचा. मग तपासणीचा ट्रे : पट्टा, घड्याळ, लॅपटॉप, पाकीट. तुमच्या पुढच्या काकांच्या खिशातून एकेक नाणे निघेल आणि प्रत्येक नाण्यासाठी ते नव्याने परत येतील. तुमचा स्वतःचा ट्रे तोवर पट्ट्यावरून पुढे गेलेला असतो आणि पँट एका हाताने धरून तुम्ही त्याच्याकडे नुसते बघत राहता. हा वेळ कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नाही.

वेळेच्या बाबतीत एकच प्रवासी वक्तशीर : सूर्य. नागपूरच्या डोक्यावरून मुंबईच्या डोक्यावर यायला त्याला जेमतेम 25 मिनिटे लागतात, आणि त्याचा पट्टा कोणी काढायला लावत नाही.

उतरल्यावर मामा सोनेगाव विमानतळावर उभे असतील. ‘दीड तास तं लागते बे, सकाळपासून काय करून राहिला?’ असे ते विचारणारच. त्यांना धावपट्ट्या छेदतात वगैरे समजावू नका, नमस्कार करून गाडीत बसा. आणि त्यांच्याकडे दुपारचे जेवण गाठायचे असेल, तर तिकीट काढण्याआधी डोंबिवलीहून पहाटेची पहिली लोकल कितीची आहे ते बघा.