बंगल्यातल्या मंडळींनो, एकदा महालक्ष्म्यांना वाशिमला या

प्रति,
मराठी मालिकांमधल्या बंगल्यांत कायम मुक्कामाला असलेले समस्त सासू-सासरे, काका-काकू, सुना, माहेरी परत आलेल्या आत्या आणि जिन्यात उभ्या राहून ऐकणाऱ्या नणंदा यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही मंडळी गेली पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी येता, साडेदहापर्यंत बसता, आणि आम्ही तुम्हाला एकदाही रीतसर बोलावलेलं नाही. हे काही बरं दिसत नाही. तेव्हा येत्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना वाशिमला येण्याचं करावं. तुमच्याकडे यांना गौरी म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेला जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. आमचे नातेवाईक अनुराधेच्या आधीच येतात आणि मूळ उलटून गेलं तरी त्यांच्या बॅगा दिवाणखान्यातच असतात.

सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, ज्वारीची आंबील, धोप्याच्या वड्या आणि वर टांगलेला फुलोरा, एवढं सगळं मिळेल. आंघोळीला गरम पाणी मिळेलच असं नाही. आमच्याकडे न्हाणी एक आणि माणसं, लहान धरून, चाळिसाच्या घरात. तुमच्या बंगल्यात एवढी माणसं राहतात, पण न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. चार्जर कोणी पळवला म्हणून भांडण झालेलंही पाहिलं नाही. तुमच्याकडे विष कोणी दिलं, मंगळसूत्र कोणी लपवलं, हीच भांडणं. श्रीमंत घर आहे, म्हणा.

साड्यांबद्दल मात्र विचारायचं आहे. आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत भरजरी साडी नेसून, नथ-पाटल्या घालून, अंगावर हळदीचा एक डाग न पडू देता उभ्या राहतात त्या दोघीच, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांना ते जमतं, कारण त्या स्वयंपाकघरात येत नाहीत. तुमचंही कारण तेच असावं.

तुमच्या घरची सर्वांत हेवा वाटणारी गोष्ट मात्र दागिने नव्हेत. तुमच्याकडे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात! दिवाणखान्यात बारा माणसं उभी, आत्या एक वाक्य टाकते, मग कॅमेरा बाराही चेहऱ्यांवरून फिरतो, वीज कडाडते, आणि तरीही मधे कोणी बोलत नाही. वाक्य संपेपर्यंत थांबतात. हे वळण तुम्हाला कोणी लावलं? ज्येष्ठेच्या दिवशी दुपारी एक वाजता आमच्या स्वयंपाकघरात जे बोलणं चालतं ते असं:

“अवो, त्या वड्या कोणी...”

“आधी ह्या पोट्ट्याला धरा, आंबिलीत हात घालून राहिला.”

“गॅस संपला काय वो?”

“आत्याबाईले पान नाही भेटलं!”

“मी काय म्हणतो, सोयाबीनचं औंदा...”

“तुम्ही काहीच म्हणू नका, बाहेर बसा.”

आमच्याकडे कोणाचं वाक्य पूर्ण ऐकू आलं तर तो माणूस फोनवर बोलत असणार, असं आम्ही समजून चालतो. शहाणी माणसं लिहितात की मालिका भडक असतात, आरडाओरडा फार. अहो, तीन पंगती उठवून, शेवटच्या पंगतीला चार वाजता स्वतः जेवून, संध्याकाळची आरती उरकून आम्ही बाया टीव्हीसमोर टेकतो, तेव्हा तुमचं ते कटकारस्थान आम्हाला विसाव्याचं वाटतं. एका वेळी एकच भांडण! कोण वाईट ते तिच्या भुवईवरून कळतं. कोण चांगलं ते ती रडते त्यावरून कळतं. आमच्या घरात कोण वाईट हे ठरवायला तीन दिवस पुरत नाहीत, म्हणून तर दरवर्षी जमावं लागतं.

आता तुमचा एक दोष. तुम्ही लोक कागद न वाचता सही करता. दर मालिकेत कोणीतरी भाबडा काका औषधाच्या बिलावर म्हणून सही करतो आणि अख्खा बंगला खलनायिकेच्या नावावर होतो. आमच्या जिल्ह्यात हे होणार नाही. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांची पंगत उठली की पान खाता खाता सातबारा मोबाइलवर उघडला जातो. तो आडवा वाचतात, उभा वाचतात, फेरफारावरची तारीख मोठी करून पाहतात, आणि मग कोणीतरी हळूच विषय काढतो की २०२५ मध्ये सोयाबीनला पाच हजार तीनशे अठ्ठावीस हमीभाव जाहीर होऊन उपयोग काय झाला, धुऱ्यावरचं झाड कोणाचं ते आधी ठरवा. तुम्हाला बांध म्हटलं की समजेल. आम्ही धुरा म्हणतो. धुऱ्यावरून आमच्याकडे दोन दोन पिढ्या बोलत नाहीत, पण पंगतीत एकमेकांना पुरणपोळीवर तूप वाढतात. आग्रहाने वाढतात. तूप जास्त पडलं की समजावं, प्रकरण तहसीलपर्यंत गेलेलं आहे.

भाऊबंदकीत आम्हाला शिकवू नका, हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. आमचं गाव निव्वळ जिल्ह्याचं ठिकाण म्हणून पाहिलं तर कालचं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळे निघालो आम्ही. पण त्याच्या सोळा-सतरा शतकं आधी ते वत्सगुल्म होतं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. एका शाखेची म्हणते, कारण पहिला प्रवरसेन गेल्यावर चौथ्या शतकात घरात वाटणी झाली. थोरल्या पातीकडे नागपूरजवळचं नंदिवर्धन गेलं आणि सर्वसेन आपला वाटा घेऊन इकडे आला. म्हणजे हे गाव वाटणीतूनच नावारूपाला आलेलं. पुढे याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. वेगळं निघून माणसाने काहीतरी करून दाखवावं ते असं. तुमच्याकडे घर फुटलं की पडदे बदलतात आणि ‘सात वर्षांनंतर’ अशी पाटी येते. सात वर्षांत कोणाचा एक केस पांढरा होत नाही.

तुमचं जाणं-येणं सुरू झालं तेव्हाची गोष्ट सासूबाई अजून सांगतात. त्याआधी दूरदर्शन होतं, पाहुणे ठरल्या वारी येत. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, ‘आभाळमाया’ आली, आणि तुम्ही रोजचे झालात. मग ‘ई टीव्ही’वर ‘चार दिवस सासूचे’ लागली ती २००१ पासून थेट २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग. चार दिवस म्हणून आलेली बाई अकरा वर्षं राहिली, तरी आम्ही एका शब्दाने बोललो नाही. मधली बरीच वर्षं इकडे भारनियमन होतं. ऐन वेळी वीज जायची, मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायचे तेव्हा शेजारच्या चार बाया सुपात गहू घेऊन निवडायला आमच्याकडे यायच्या. गहू दर वेळी तेच असायचे असा मला संशय आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीला दिवस गेले तेव्हा इकडच्या कितीजणी दोन-दोनदा बाळंत झाल्या म्हणत, इतकं ते लांबलं. आणि २०१६ मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली, तिच्यातली राधिका तर नागपूरकडची, आमच्यासारखं बोलणारी. नवऱ्याने फसवलं तर तिने मसाल्याचा धंदा काढला. सासूबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी माळ्यावरचा खलबत्ता काढून माझ्यापुढे ठेवला. नवऱ्याने फसवायची त्यांनी वाट पाहिली नाही.

खरी तक्रार आता करते.

ठाण्या-मुलुंडकडच्या तुमच्या त्या बंगल्यात आजी-आजोबा, तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं आणि आत्या सकाळी आठ वाजता एका टेबलावर नाश्ता करतात. तिकडे आमचीही पोरं आहेत, कोणी कल्याण-बदलापूरला, कोणी पार पुण्याच्या वाकडला. त्यांच्याकडे आम्ही जाऊन आलो. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत वॉशिंग मशीन. सासूबाई आठवडाभर राहिल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, पोरगं चांगलं आहे, पण त्याच्या घरात मला खोकायला लाज वाटते. मग तो बंगला कुठे आहे? आमच्या मधल्या भाऊजींनी चौकशी केली. घोडबंदर रोडला आणि मढला तसली घरं आहेत म्हणे, पण ती शूटिंगची; संध्याकाळी मंडळी आपापल्या फ्लॅटवर जातात.

म्हणजे झालं असं, की जे एकत्र कुटुंब आम्ही एकेक करून वाशिमच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं, बरोबर शेवेचा डबा दिला, ते तुम्ही तिकडे गोळा केलंत, इस्त्री करून, पावडर लावून, रोज रात्री आम्हाला परत दाखवता. आणि सासूबाई पाहतात. टेबलावर किती माणसं बसली ते मोजतात. मधल्या भाऊजींची पोळी टीव्हीतल्या मधल्या मुलाच्या ताटात पाहतात. ‘आई कुठे काय करते’मधल्या देशमुखांच्या घरावर ‘समृद्धी’ अशी पाटी होती. समृद्धी आमच्या जिल्ह्यातही आहे, पण ती महामार्ग आहे, कारंजा-शेलूबाजारकडून जाते. नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये पार मुंबईच्या दारापर्यंत पोचली, सातशे एक किलोमीटर. त्या घरातल्या तुमच्या अरुंधतीच्या पायात ती ‘समृद्धी’ किती वर्षं अडकली होती ते आम्ही पाहिलं. आमच्या समृद्धीने पोरं काही तासांत जातात. यायला मात्र वर्षच लागतं, रस्ता तोच असला तरी.

इतकं बोलल्यावर उपकारही मान्य केला पाहिजे. गेल्या ज्येष्ठेच्या रात्री सगळे टीव्हीपुढे दाटीवाटीने बसले होते. धाकट्या जावेशी माझं आधीच्या दिवाळीपासून बोलणं नव्हतं. कारण एका साडीचं होतं, म्हणजे साडीचं नव्हतं, बायकांना कळेल. पडद्यावर थोरल्या सुनेने चाव्यांचा जुडगा कमरेला खोचला. धाकटी टीव्हीकडे पाहून म्हणाली, “काही जणींले चाव्यांचीच हौस असते बापा.”

मीही टीव्हीलाच म्हटलं, “चाव्या सांभाळाले घरी राहा लागते. तीन दिवसांसाठी येणाऱ्याले बॅगेचीच चावी पुरते.”

खोलीत एकही माणूस हलला नाही. तुमची थोरली सून रडायला लागली. जाहिराती लागल्या. आमचे हे एकदम उठून पाणी प्यायला गेले. सासूबाई जाहिरातीतल्या साबणाकडे पाहून म्हणाल्या, “दोघींचंही खरं आहे. आवाज कमी करा.” मग बराच वेळ जाहिरातीच चालल्या, आणि त्या संपता संपता धाकटी म्हणाली, पुन्हा टीव्हीलाच, “कोणी राहा म्हटलं तर राहील ना माणूस.”

त्या भागात पुढे काय झालं आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी फुलोरा उतरवायला धाकटी स्टुलावर चढली आणि मला म्हणाली, “ताई, स्टूल धरा.” टीव्ही बंद होता.

हे काम तुम्ही फुकट करता, महिन्याच्या रिचार्जचे पैसे सोडले तर. घरातली वडीलधारी माणसं हे करायची तेव्हा त्यांना आधी मान द्यावा लागे, मग चहा, आणि शेवटी त्यांचंच ऐकावं लागे. तुम्ही आपल्या रडण्यात असता, मधे मधे बोललं तरी वाईट वाटून घेत नाही. तुमच्याकडे पाहून काहीही बोलता येतं. म्हणून तर म्हणते, या.

येताना सेटवरची ती मोठी लाकडी टेबलं आणू नका, जागा नाही. गाद्या गच्चीवर घातलेल्या असतात, पाऊस आला की सगळ्यांनी आपापली उचलून जिन्याने खाली पळायचं, तेव्हा हाय हील नको. खलनायिकेने अवश्य यावं. तिला सोळाव्या भाजीचं ढेमसं चिरायला बसवू. ती बडबड करेल, पण चार वाजेपर्यंत तिला पंगतीत जागा मिळणार नाही, आणि उपाशीपोटी कट रचता येत नाही हा आमचा अनुभव आहे. मुलांना कळवावं की रिमोट आमच्या सासूबाईंच्या उशीखाली असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घरातली थोरली सून
वाशिम

ता. क. : मूळ नक्षत्राच्या संध्याकाळी कृपा करून महाएपिसोड ठेवू नये. महालक्ष्म्या उतरवायला, कोथळ्या माळ्यावर चढवायला आणि अंगणातले गंज उचलायला माणसं मिळत नाहीत. आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे एवढी माणसं रोज जेवतात, तर मागची भांडी कोण घासतं? पंचवीस वर्षांत ती बाई एकदाही दिसली नाही. तिला महिन्याचं काय देता ते कळवावं. आम्ही दोनशे जास्त देऊ.