स्ट्रिप उलटी करून वाचा

डोंबिवलीच्या फडके रोडवर कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा. "फार थकवा येतोय, एखादी ताकदीची गोळी द्या," हे वाक्य कानावर पडतंच. काउंटरवरून स्ट्रिप पुढे येते आणि गिऱ्हाईक लोकल गाठायला पळतं. शरीरात नेमकं काय कमी आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. या व्यवहाराचा मला राग येतो, कारण कमतरता खोटी नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ पुरुषांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष छापले. ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. त्यांत खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरी मध्यमवर्गीयही होते. सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गीयांची, ८१ टक्के. म्हणजे आपलीच.

बी-१२ भाज्या-डाळींतून मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातून येतं आणि तेवढं पुरतंच असं नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी चालू असेल, तर अन्नातलं बी-१२ आणखी कमी शोषलं जातं. तळपायाला मुंग्या येतात, तोल जातो, नावं आठवत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. असं सोडून दिलं तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. इलाज साधा आणि स्वस्त आहे: तपासणी करायची आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत बी-१२ घ्यायचं. ही मात्रा शेकडो मायक्रोग्रॅमची असते. ताकदीच्या रंगीत गोळीत अनेकदा जेमतेम रोजच्या गरजेएवढं, दोन-अडीच मायक्रोग्रॅम असतं. महिनाभर गोळ्या खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि मुंग्या तशाच राहतात.

म्हणून स्ट्रिप उलटी करून वाचा. मागे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक दिसला, तर कायद्याच्या लेखी ती वस्तू औषध नाही, खाद्यपदार्थ आहे. 'औषधी वापरासाठी नाही' असं तिच्यावर छापावं लागतं आणि ते छापलेलंही असतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. ही अक्षरं मोठी आणि मराठीत असायला हवीत.

ड जीवनसत्त्वाचा घोळ वेगळा. ठाण्यातले मासुंदा तलाव आणि उपवन, कल्याणचा काळा तलाव इथे पहाटे चालणारे ठामपणे सांगतात की, आम्ही कोवळं ऊन घेतो. चालणं हृदयाला आणि साखरेला उत्तमच. पण तिरप्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे अतिनील किरण फारच थोडे असतात. ते मिळतात अकरा ते दोनच्या सुमारास, आणि त्या वेळी डोंबिवलीकर फोर्टात काचेआड ट्यूबलाइटखाली बसलेला असतो. काचेतून हे किरण आत येत नाहीत. तेव्हा पूरक मात्रा लागते, हे मान्यच.

मात्र साठ हजार युनिटचं डी-थ्रीचं सॅशे सहसा आठवड्याला एक असं ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. जुन्या चिठ्ठीवर ते वर्षभर आणत राहणं किंवा चुकून रोज घेणं घातक आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. ते अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. त्यामुळे चिठ्ठीवर सॅशे कधी बंद करायचं ती तारीख लिहून मागा. डॉक्टरांना तो प्रश्न विचारायला अजिबात संकोच नको.

आणि सगळ्यात उपेक्षित गोळी फुकट मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या. गरोदरपणात सरकारी केंद्रातून लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते. मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून ती फडताळात पडून राहते, आणि त्याच घरात नवऱ्याच्या मल्टिव्हिटॅमिनवर दरमहा पैसे जातात. काळ्या रंगाने घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहासोबत मात्र नको, लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. हे घरातल्या गरोदर बाईला सांगायचं काम सासूबाईंचं आहे, नवऱ्याचं आहे आणि ताकदीची गोळी विकणाऱ्या त्या मेडिकलवाल्याचंही आहे.