दुपारी उभ्या असलेल्या रेकसाहेबांस अनावृत पत्र

पुणे–लोणावळा लोकलमार्गावरील, दुपारच्या वेळी यार्डात विसावलेले सन्माननीय रिकामे रेकसाहेब यांस, भोसरी औद्योगिक वसाहतीतील समस्त गाळेधारकांचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रेक म्हणजे एका गाडीच्या डब्यांची अखंड जुळणी, ही व्याख्या साहेबांना सांगणे धाडसाचे आहे. परंतु पत्र उघडे असल्याने ते इतरांच्याही हाती पडणार, म्हणून ती येथे नोंदवली आहे. यंत्र थांबले की तोटा सुरू झाला, असे वसाहतीचे शास्त्र असल्यामुळे याच मार्गावरील कासारवाडीच्या फलाटावर दुपारी ताटकळणाऱ्या माणसाला साहेबांची ही वामकुक्षी सहन होत नाही. दुपारच्या विरळ वेळापत्रकामागे रुळांच्या देखभालीसाठी राखलेला वेळ, म्हणजे ब्लॉक, हेही एक कारण असते, असे त्याला कोणी सांगितले तर तो ऐकून घेतो आणि पुन्हा घड्याळाकडे पाहतो.

मार्गावर किती रेक हवेत हे दिवसभराच्या एकूण प्रवाशांवरून नव्हे, तर सर्वाधिक गर्दीच्या घटकेला एकाच वेळी किती गाड्या धावत्या हव्यात यावरून ठरते. पुण्याहून लोणावळ्याचे सुमारे 64 किलोमीटर अंतर 80 मिनिटांत तोडले जाते आणि दोन्ही टोकांना 20-20 मिनिटे थांबावे लागते असे धरले, तर एक फेरा 200 मिनिटांचा होतो. दर 40 मिनिटांनी गाडी सोडायची असल्यास पाच रेक लागतात. आता वसाहतीतील एखाद्या हुशार अभियंत्याने प्रत्येक टोकाचा थांबा 10 मिनिटांनी कापला, तर फेरा 180 मिनिटांवर येतो आणि गणित साडेचार रेक मागते. अर्धा रेक रुळावर धावत नसल्यामुळे तो पाचवा ठेवावाच लागतो आणि बचतीचा फलक कार्यालयात लटकत राहतो. तीच वाचलेली मिनिटे गाड्यांमधील अंतर 40 वरून 36 मिनिटांवर आणण्यास मात्र उपयोगी पडतात. जॉर्ज डँटझिग आणि डेल्बर्ट फल्करसन यांनी 1954 मध्ये तेलवाहू जहाजांच्या ठरलेल्या फेऱ्या कमीत कमी जहाजांत कशा बसवाव्यात हा प्रश्न सोडवला, आणि रेकचा हिशेब त्याच कुळातला आहे.

खरा पेच उभे राहण्यात नसून कोण कोणापुढे उभे आहे यात असतो. एका टोकाला बंद असलेल्या मार्गिकेत जो रेक शेवटी शिरतो तोच प्रथम बाहेर पडू शकतो. सर्व रेक अगदी एकसारखे असते तर कोणताही रेक कोणत्याही गाडीला चालला असता. पण एखाद्याची तपासणी उद्यावर आलेली असते, तर एखाद्याच्या डब्यांची संख्याच वेगळी असते, आणि नेमका तोच आत अडकतो. मग पुढचे दोन काढून दुसऱ्या मार्गिकेत नेणे, सांधे बदलणे, आतला बाहेर घेणे आणि काढलेले पुन्हा आत ढकलणे, म्हणजेच शंटिंग, आले. त्यासाठी माणूस, मोकळी मार्गिका आणि मुख्य मार्ग ओलांडावा लागत असल्यास तेवढा वेळ इतर गाड्यांचा खोळंबा, असा तिहेरी खर्च होतो.

या बाबतीत भोसरीने साहेबांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या गल्लीकडे पाहणे इष्ट ठरेल. शेवट बंद असलेल्या गाळ्यांच्या गल्लीत चाकणला तयार माल घेऊन निघायचा छोटा हत्ती सर्वांत आत, त्याच्या तोंडाशी सळ्यांचा ट्रक, त्यामागे हीट ट्रीटमेंटहून परतलेला टेम्पो आणि त्या टेम्पोचा चालक किल्ली खिशात टाकून चहाला गेलेला, हे दृश्य वसाहतीत नित्याचे असून त्यावर ‘जरा गाडी मागे घ्या’ यापलीकडे कोणतेही संशोधन झालेले नाही. रेल्वेच्या ढिसाळपणावर सर्वांत तळमळीने बोलणारे गाळेधारक बहुधा याच गल्लीत उभे राहून बोलतात.

याहून नाजूक बाब भोंग्याची आहे. सामान्य पाळी सर्वांनी जवळपास एकाच वेळी सुरू करायची, त्या घटकेची गर्दी रेल्वेवर सोडायची, त्या गर्दीपुरते रेक मागायचे आणि उरलेला दिवस ते रिकामे का उभे असतात असे विचारायचे, हा क्रम साहेबांना निश्चितच करमणुकीचा वाटत असेल. मध्य रेल्वेने 2023 मध्ये मुंबईतील आस्थापनांना कामाच्या वेळा मागेपुढे करण्याची विनंती केली होती; भोसरीकडे तशी विनंती आल्यास शेजारच्या कारखान्याने आधी वेळ बदलावी, यावर वसाहतीचे एकमत होण्यास अडचण येणार नाही.

तरी साहेबांनी विश्रांती पूर्ण करून संध्याकाळच्या पाळीपूर्वी यावे, ही विनंती. लोभ असावा.

समस्त गाळेधारक, भोसरी

ता. क. : पत्रोत्तर पाठवताना मेट्रोच्या जुन्या पाटीवर विसंबू नये. नाशिक फाट्यावर, साहेबांच्याच कासारवाडीजवळ उभ्या असलेल्या मेट्रो स्थानकाला आधी ‘भोसरी’ असे नाव दिले गेले होते; खरी भोसरी तेथून पुढे बरीच लांब आहे.