शिरूरला नवा पाद्री आला

नवा पाद्री ओळखावा ट्रंकांवरून. मुरलेल्या पाद्र्याकडे एक वळकटी आणि एक छत्री असते, नव्याकडे सात ट्रंका. एकीत मच्छरदाणी, एकीत क्विनाइन, दोनांत पुस्तकं. उरलेल्या तिन्हींत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं, कारण त्या आईने भरलेल्या असतात.

हा कुणी एक माणूस नव्हे, म्हणून नाव विचारू नका. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हापासून अमेरिकन मराठी मिशनचे असे पोरगेलेसे गोरे आमच्या मुलखात येतच राहिले. १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं, पुढे घोडनदीच्या काठी आमच्या शिरूरलाही. त्या सगळ्यांना कुटून मी एकाच काळ्या कोटात बसवलंय. साल धरा १९०७ च्या आसपासचं. वय पंचवीस, लग्न व्हायचंय, मान उन्हाने लाल झालेली आणि खिशात एक वही. या वहीत तो सगळं लिहून घेतो. टांगेवाला घोड्याला जे बोलला तेही त्याने लिहून घेतलं होतं आणि अर्थ विचारला होता. टांगेवाल्याने सांगितलं, "आशीर्वाद हाय, सायेब."

मुंबईहून निघताना थोरल्या मंडळींनी सांगितलेलं असतं की वाटेत केडगावला उतर, रमाबाईंचं काम पाहा. तो उतरतो. दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरीबाया, गोठे, विहिरी, शाळा, छापखाना असं एक गावच्या गाव तिथे नांदत असतं. पण त्याला धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या बाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली पंडिता आणि सरस्वती म्हटलं, त्या आता हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्यात आणि अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल उतरवताहेत, हे त्याला तिथे समजतं. कॉलेजात दोन वर्षं ग्रीक केल्याचं तो बोटीवर प्रत्येकाला सांगत आला होता. केडगावहून पुढे तो विषय त्याने काढला नाही. ग्रीक पुस्तक ट्रंकेत सगळ्यात खाली गेलं, आईने दिलेल्या लोकरी मोज्यांच्याही खाली.

पुढे दौंड. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून नगरला जाणाऱ्याने दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहायची, हा नियमच होता. इंग्रजांनी या गावाचं स्पेलिंग असं काही केलं होतं की वाचणाऱ्याने धोंडच म्हणावं. सायेब हमालाला मोठ्या अदबीने विचारतो, "हा धोंड आहे का?" हमाल डोक्यावरची पुस्तकांची ट्रंक सावरत म्हणतो, "धोंडंच हाइत, सायेब. मोजून चार आणे वाढवून द्या." दौंडलाच अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी वसतिगृह चालवत. तिथली पोरं या नव्या प्राण्याला बघायला जमली. त्याने वही काढून पहिलं वाक्य वाचलं, "तुझे नाव काय आहे?" ते सतरा जणांनी एकदम सांगितलं.

नगरला थोरांनी पाठीवर हात ठेवला, भाषेची परीक्षा द्यावी लागेल म्हणून बजावलं आणि सुप्यावरून शिरूरला धाडून दिलं.

शिरूरचा पहिला दिवस ट्रंका मोजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने वस्तीवर जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, तिच्यावर पिठलं, बाजूला ठेचा. सायेबाने खिशातून काटा काढला, पिठलं निगुतीने संपवलं, ठेच्याला लागला, रडला, पाणी प्यायला आणि भाकरी स्वच्छ पुसून परत केली. घरधनीण म्हणाली, "भाकरी आवडली न्हाई व्हय?" तेव्हा त्याला कळलं की आपण ताट परत केलेलं नाही.

तिथेच म्हातारीने विचारलं, "लगीन झालं का रं बाबा?" नाही म्हटल्यावर, "पगार किती?" हे दोन प्रश्न परक्या माणसाला कधी विचारू नयेत असं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. आमच्याकडे हे दोन विचारल्याशिवाय माणूस परका राहायचा थांबत नाही. त्याने पगार सांगितला. म्हातारी विचारात पडली आणि म्हणाली, "मग लगीन का न्हाई?"

बंगल्यातली बाज मोडकी निघाली. मिशनच्या शाळेत रेव्हरंड विन्सर यांच्या वेळेपासून पोरांना सुतारकाम शिकवत, घायपाताचे दोर वळायला शिकवत. सुताराला तोटा नव्हता. सुतार आला, बाजेभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "परवा देतो." सायेबाने मोल्सवर्थचा कोश उघडला. १८५७ ची दुसरी आवृत्ती, साठ हजार शब्द, छातीवर ठेवला तर श्वास कोंडेल एवढं वजन. परवा म्हणजे उद्याच्या पलीकडचा दिवस. ठीक. पुढे पाहिलं तर परवा म्हणजे कालच्या पलीकडचाही दिवस. सायेब उठून बाजेपाशी गेला आणि ती आधीच दुरुस्त झालेली नाही ना, हे वाकून पाहून आला. झालेली नव्हती. म्हणजे पुढचा परवा. दोन दिवसांनी सुतार वाटेत भेटला तेव्हा त्याने आठवण केली. सुतार दुखावून म्हणाला, "परवाच सांगितलं ना सायेब, परवा देतो म्हणून!"

हे वाक्य त्याने वहीत उतरवून घेतलं आणि शास्त्रीबुवांपुढे ठेवलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे."

आता या शास्त्रीबुवांविषयी सांगायला हवं, कारण नव्या पाद्र्याचं खरं दैवत तेच. मिशन त्यांना पंडित म्हणे. सकाळी सात वाजता पागोटं, उपरणं आणि तपकिरीची डबी घेऊन ते व्हरांड्यात येत. धर्मांतराशी त्यांना काही देणंघेणं नसे. पाच पाच वर्षं पाद्र्यांना शिकवून हे लोक सोवळे ते सोवळेच. सायेब त्यांना बाटवायला बघे आणि ते सायेबाचं ण सुधारायला बघत. माझ्या मते यश शास्त्रीबुवांना जास्त आलं.

पहिला धडा 'बाप'. इंग्रजी जिभेवरचा ब असा काही गार असतो की आपल्या कानाला तो प लागतो. सायेब म्हणाला, "पाप."

"पाप नव्हे, बाप."

"पाप."

शास्त्रीबुवांनी तपकीर ओढली. "साहेब, आपल्या धंद्यात हे दोनच शब्द लागतात. तेवढे एक करू नका."

दोन तास धडा झाला. शास्त्रीबुवा उठले, उपरणं झटकलं, "बराय, येतो" म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले. 'येणे'ची रूपं सायेबाने आदल्याच रात्री पाठ केली होती. येतो म्हणजे येतो. तो वही उघडी ठेवून बसला. बारा वाजता खानसामा जेवण वाढू का विचारून गेला. पंडित येताहेत, थांब, असं सांगून सायेब बसूनच राहिला. तीनला ऊन व्हरांड्यात आलं तेव्हा त्याने खुर्ची सरकवली, माणूस हलला नाही. दिवेलागणीला कंदील आला. मिशनच्या शाळेतली पोरं फाटकाशी उभी राहून बघत होती की सायेब कुणाची वाट बघतोय. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला शास्त्रीबुवा हजर. सायेबाने रात्रभर तयार केलेलं वाक्य म्हटलं, "आपण येतो म्हणालात." शास्त्रीबुवा कौतुकाने म्हणाले, "मग? आलो ना!"

जाणाऱ्याने जातो म्हणू नये, हे एवढं साधं त्याला समजावायला अर्धा तास लागला. समजल्यावर मात्र तो गप्प झाला. त्याच्या गावाहून निघताना धक्क्यावर सगळ्यांनी त्याला निरोपच दिला होता. येतो म्हणायची सोय तिथे नव्हती.

मधल्या एका संध्याकाळी तो फिरायला निघाला आणि कर्नल वॉलेसच्या कबरीपाशी पोहोचला. हा इंग्रज फौजेचा अधिकारी १८०९ साली वारला. शिरूर तेव्हा छावणीचं गाव. लोकांनी या कर्नलला सत्पुरुष ठरवून टाकलं. सुगीला पहिली कणसं त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून यायची, सरकारी गॅझेटियरातच तशी नोंद आहे. आपला सायेब हबकला. सात समुद्र ओलांडून लोकांची पूजा सोडवायला यावं, आणि पूजा चाललेली असावी एका टोपीवाल्याची!

"शास्त्रीबुवा, हा देव कसा झाला? हाही साहेबच होता."

"होता ना. पण त्याने कुणाला काही सांगितलं नाही."

त्या दिवशी वहीत काही लिहिलेलं दिसत नाही.

खरी गंमत तू आणि आपण यांची. शास्त्रीबुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सभ्य माणसाने 'आपण' म्हणावं. सायेबाने ते मनावर घेतलं. गवळ्याला तो म्हणाला, "आपण दुधात पाणी घालता का?" गवळी एवढा संकोचला की त्याने दोन दिवस खरोखर घातलं नाही. कुत्र्याला, "आपण बाहेर बसावे." रविवार आला. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा थाट केव्हाच उचललेला. त्यामुळे देवळात टाळ होते, चिपळ्या होत्या आणि हार्मोनियमच्या अपेक्षेने आलेला सायेब टाळांकडे जरा चोरट्या नजरेने बघत होता. मग त्याने आयुष्यातली पहिली मराठी प्रार्थना म्हटली. आपण कृपा करावी, आपण पाऊस पाडावा, आपण आमच्याकडे लक्ष द्यावे. मंडळी मान खाली घालून ऐकत होती. सगळं आटोपल्यावर एक म्हातारे वडील जवळ आले. "चांगलं झालं, सायेब. फक्त देवाला अर्ज केल्यागत वाटलं. तिकीट लावायचं राहिलं."

शास्त्रीबुवांनी उलगडा केला, "देवाला तू म्हणायचं. आईला तू, देवाला तू. जो सगळ्यात जवळचा, त्याला तू."

सायेबाला हे फारच आवडलं. सोमवारी त्याला विहिरीच्या कामासाठी मामलेदार कचेरीत जायचं होतं. कामाच्या माणसाशी जवळीक असावी, या शुद्ध हेतूने तो दारातूनच प्रेमाने म्हणाला, "तू बरा आहेस ना?" कचेरीतल्या सगळ्या लेखण्या थांबल्या. मामलेदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खुर्ची दिली. सायेब गेल्यावर शिरस्तेदाराला म्हणाले, "पाद्रीसाहेब आज मला देव मानून आले होते. विहिरीचा कागद काढा."

कागद निघाला, पण सायेबाला तो वाचता येईना. आठवडाभर रात्री जागून त्याने बाळबोध अक्षरं घोटली होती, आणि हा कागद म्हणजे मुंग्यांची रांग. त्याने तो शास्त्रीबुवांकडे नेला. शास्त्रीबुवांनी उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "ही मोडी. कुलकर्णी, सावकार, कचेरी, सगळे हिच्यातच लिहितात."

"मग मी शिकलो ती?"

"ती पुस्तकांत असते."

"हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आपण परत गेला असता. मागचे एक गेले."

त्या रात्री त्याने घरी पत्र लिहिलं. अशी पत्रं मी कल्पनेनेच वाचतो, पण मजकूर सगळीकडे एकच असणार. प्रकृती उत्तम आहे. लोक प्रेमळ आहेत. भाषा सोपी असून बरीचशी येऊ लागली आहे. मोजे उपयोगी पडत आहेत. मोज्यांचं एवढं मात्र खरं होतं, ग्रीक पुस्तकाला त्यांच्यामुळे वाळवी लागली नाही. पत्र लिहून तो जमिनीवर अंथरूण घालून झोपला, कारण बाज परवा मिळायची होती.

यांतले काही खरंच दोन वर्षांत परत गेले. काही तापाने इथेच राहिले. काही म्हातारे होईपर्यंत टिकले आणि टांगेवाल्याचे आशीर्वाद अर्थासकट देऊ लागले. याच अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन अॅबट यांची गोष्ट तर ठाऊक असायलाच हवी. ते अमेरिकेला परतले आणि म्हातारपणी आपल्या संतांची चरित्रं आणि वचनं इंग्रजीत आणत बसले. १९२६ पासून एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई असे एकामागून एक खंड निघाले. १९३२ मध्ये अॅबट वारले. ताहराबादच्या महिपतीबुवांच्या भक्तविजयाचं त्यांचं भाषांतर त्यानंतरच्या वर्षी बाहेर आलं. त्यावर भाषांतरकार म्हणून दोन नावं छापलेली आहेत. एक जस्टिन अॅबट, दुसरं पंडित नरहर गोडबोले.