साठ टक्के पादचारी

शिकाऊ लायसनची परीक्षा आता घरबसल्या देता येते. पास व्हायला 60 टक्के पुरतात. उरलेल्या 40 टक्क्यांत कुठले नियम गेले, ते पुढे चौकात कळतं. पुतण्याने आठवडाभर चिन्हं घोकली. काट मारलेला भोंगा म्हणजे हॉर्नला मनाई, लाल त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना. झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पादचाऱ्याचा, हे तर तो झोपेतही बरळायचा.

पास झाला. पेढे आणायला स्कूटरवरून निघालो; तो पुढे, मी जीव मुठीत धरून मागे. पट्ट्यांवर एक आजीबाई. पठ्ठ्याने हॉर्न दाबला.

"अरे, पादचारी!"

"काका, त्या प्रश्नाचा मार्क मिळाला मला."

आजीबाईंनी थांब म्हणून हात केला. पण परीक्षेत हात फक्त पोलिसाचा होता.