दोन सुतांची फट

परतीच्या पावसात बांधावरची बाभळ आडवी झाली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वडिलांनी राखलेली बाभळ. पण चिखलात उभा राहून मी तिच्याकडे पाहत होतो आणि मला फळ्या दिसत होत्या. दीड इंच जाडीच्या, आठ इंच रुंदीच्या, पाच फूट लांबीच्या. सहा.

त्याचं कारण सांगतो. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. जात तास-ए-गणेश, म्हणजे नावातच तासगाव आणि गणपती दोन्ही. बाग लावली तेव्हा मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे बांधाला वाट किती सोडायची याचा विचार केला नाही. आता दोन ओळींमधून छोटा ट्रॅक्टर छान जातो, पण त्याच्यामागं ट्रॉली जोडली की ओळीच्या शेवटी वळत नाही. ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या उसात आणि ट्रॉली आमच्या वेलीत, अशी परिस्थिती होते. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत मालाचे क्रेट डोक्यावरून बेदाण्याच्या शेडपर्यंत जातात. एका क्रेटमध्ये वीस किलो. अर्थात डोकं माझं नसतं, पण मजुरी माझी असते.

उपाय सोपा होता. ट्रॅक्टरच्या मागे खालचे दोन हात आणि वरची एक टॉपलिंक असते. त्या तिघांत लोखंडी सांगाडा अडकवायचा, त्यावर लाकडी फळ्या ठोकायच्या, लिफ्टनं उचलायचं आणि चालू पडायचं. चाक नाही, आख नाही, वळायची भानगड नाही. ही तीन टोकांची युक्ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाची. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी नुसतं हातात हात घालून करार केला आणि पुढच्या वर्षी दोघांचा ट्रॅक्टर बाजारात आला. लेखी काही नव्हतं. व्हायचं ते झालं. कोर्टकचेऱ्या होऊन १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी लिहून घ्या."

कोणाकडून काय लिहून घ्यायचं, ते पुढं कळलं.

या वस्तूला मराठीत नाव काय, हा पहिला प्रश्न. वेल्डर म्हणाला कॅरिअर. शेजारी म्हणाला स्टेज. सुतारमामांनी मात्र माझं कागदावरचं चित्र चष्मा वर करून बघितलं आणि एका शब्दात निकाल दिला : "साटा." बैलगाडीला जो असतो तो. मामांच्या हातून शेवटची बैलगाडी सुटून कैक वर्षं झाली होती. त्यामुळे 'साटा' म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला झाला, आणि मजुरीचा विषय मला काढताच आला नाही.

"मास्तर, बाभळ चांगलीच हाय," ते म्हणाले. "पर आत्ता न्हाय. सहा म्हैने हिरीत टाका. मग सावलीत वाळवा. मग माझ्याकडं या."

"मामा, फेब्रुवारीत माल निघतोय."

"मग मालाला सांगा थांब म्हणून. लाकूड न्हाय ऐकायचं."

मी अर्थातच ऐकलं नाही. गावातल्या बाकीच्यांनी तर लाकूडच मोडीत काढलं होतं. कुणी म्हणे लोखंडी पत्रा टाका, कुणी म्हणे प्लाय टाका. पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो, पावसात घसरतो, रिकामा असला की गावभर वाजतो. प्लायबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट बोलतं. लाकडाचं बरं असतं, एक फळी मोडली तर एकच बदलायची. आणि ते फुकट होतं.

फुकटचा ओंडका ट्रॉलीत घालून वखारीत नेला. तिसऱ्या कापाला करवतीनं असा काही सूर लावला की वखारवाल्यानं धावत येऊन पट्टा बंद केला. लाकडाच्या पोटात चार इंची खिळा होता. तो खिळा मी ओळखला. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः त्या बाभळीला पाटी ठोकली होती : 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. पाटी केव्हाच गेली. झाडानं खिळा गिळून वर साल ओढून घेतली. करवत परवानगीशिवाय आत गेली आणि तिचे दात पडले. दातांचे पैसे मला द्यावे लागले. त्या पैशांत सागाची निदान एक फळी आली असती, असं बायकोनं जिन्याखालच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

आता वेल्डर. तो माझा विद्यार्थी. अकरावीच्या सहामाहीत मी त्याला चौतीस मार्क दिले होते. पस्तीसला पास. तोंडी परीक्षेत त्याला विचारलं होतं, रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात? तो म्हणाला, "सर, आमच्या गावात रेल्वे न्हाय." मी एक मार्क कापला. उत्तर वस्तुस्थितीला धरून होतं, हे मला नंतर अनेक रात्री जाणवलं आहे. पुढं त्यानं कॉलेज सोडलं आणि दुकान टाकलं. आज त्याच्या हाताखाली चार पोरं आहेत आणि माझ्या हाताखाली एक वर्तमानपत्र.

सांगाडा त्यानं सुंदर केला. अँगलला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा गॉगल कपाळावर सरकवून म्हणाला, "सर, भोकं लांबट पाडू का? लाकूड हलतंय."

"लाकूड हलत नाही, बोल्ट ढिले असतात," मी म्हणालो. "गोल पाड. दहा मिलीमीटर. नेमकी."

"आन फळीफळीत फट किती ठेवू?"

"दोन सूत."

सुतारमामा बाजूला तंबाखू मळत बसले होते. त्यांनी वेल्डरकडं पाहिलं, वेल्डरनं त्यांच्याकडं पाहिलं. दोघांनी मिळून माझा मान राखला.

बाभळीला भोक पाडणं हा स्वतंत्र अध्याय आहे. खिळा जात नाही, वाकतो. गिरमिटाला मामांच्या वयाचं बळ पुरेना. ड्रिलचं पान धूर काढायला लागलं आणि ओल्या लाकडाचा आंबूस वास शेडभर पसरला. बैलगाडीला वापरतात तसे, गोल टोपीचे आणि मानेला चौकोन असलेले बोल्ट आम्ही ठोकून बसवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर प्रत्येक बोल्टभोवती काळंनिळं वर्तुळ. माझे तळहात काळे, लेंगा काळा, चहाच्या कपाचा कान काळा. बाभळीत टॅनिन असतं, म्हणून तर तिच्या सालीनं कातडं कमावतात. त्या टॅनिनला लोखंड आणि पाणी भेटलं की शाई होते. जुन्या काळी शाई अशीच करत. मी हे बायकोला फार उत्साहानं समजावून सांगितलं. ती लेंगा धूत होती. "आयुष्यभर शाईच केलीत," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारीत उद्घाटन झालं. मी ट्रॅक्टरची पुस्तिका वाचून ठेवली होती. लिफ्टची ताकद साडेसातशे किलो. सहा-सहा क्रेटचे तीन थर, म्हणजे अठरा क्रेट, तीनशे साठ किलो. सांगाडा आणि फळ्या धरून पाचशेच्या आत. पोरांनी क्रेट रचले. माझ्या मुलानं लिफ्टचा दांडा वर ओढला. साटा जागचा हलला नाही. ट्रॅक्टरचं तोंड मात्र सावकाश, अदबीनं वर उठलं. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर, मुलाचे डोळे त्याहून वर.

तीस वर्षं मी तरफ शिकवली. टेकू, भार, भुजा. फळ्यावर सी-सॉ काढून, एका टोकाला हत्ती आणि दुसऱ्या टोकाला उंदीर बसवून. इथं मागचं चाक टेकू होतं, साटा हत्ती होता आणि ट्रॅक्टरचं इंजिन उंदीर. पुस्तिकेतली ताकद खालच्या हातांच्या टोकापासून ६१० मिलीमीटर अंतरावर मोजलेली असते, हेही बारीक अक्षरात छापलं होतं. माझा भार तर त्याच्याही पलीकडं, चार फुटांपर्यंत पसरला होता. वेल्डर मागं उभा होता. तो काही बोलला नाही, त्यानं नुसता पुढच्या चाकाला हात लावून ते फिरवून पाहिलं. छान फिरत होतं.

गंमत अशी की जुन्या ट्रॅक्टरचा नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहायचा, माणसं त्याखाली मरायची. फर्ग्युसननं ही तीन टोकांची जोडणी केली त्यात तेही खूळ थांबवलं. त्याची ती युक्ती वापरून मी ट्रॅक्टर उभा करून दाखवला. याच फर्ग्युसननं १९०९ साली स्वतः बांधलेलं विमान आयर्लंडमध्ये उडवलं होतं. तो माणूस आमच्या बांधावर असता तर कदाचित पुढचं चाक बघून खूश झाला असता. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी फर्ग्युसनचेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला. मला शेडपर्यंत जायचं होतं.

तोडगा बायकोनं काढला. परसात तिच्या सासूबाईंचं जातं पडून होतं, आणि शेजारच्या वहिनींकडं दुसरं. दोन्ही जाती ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी पट्टीत आवळून बसवली. क्रेट अठराचे बारा केले आणि ते आधी पुढं, ट्रॅक्टरला चिकटून रचायचे, असं पोरांना दरडावलं. लिफ्टचा दांडा ओढला. साटा उठला. "आईंनी कुणाला डोकं वर काढू दिलं नाही," बायको म्हणाली. मी त्यावर भाष्य केलं नाही.

तो हंगाम साट्यानं निभावला. फक्त रोज सकाळी बोल्ट आवळावे लागत. मार्च, एप्रिल, मे. लाकूड वाळत गेलं, तशी दोन सुतांची फट चार सूत झाली, चाराची पाच. खरड छाटणीच्या वेळी कात्री त्या फटीतून पडली आणि मागच्या चाकानं ती जमिनीत पुरली. तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला. फट वाढली, म्हणजे फळ्या आक्रसल्या. मग फळ्या सोडवून एकमेकींना खेटून बसवल्या की झालं. मामांना न विचारता मी हे भर मे महिन्यात करवून घेतलं. नवीन भोकं, गोल, दहा मिलीमीटर. फळ्या अशा खेटल्या की मधून पोस्टकार्ड जाईना. मागं जो पट्टा उघडा पडला त्यावर सातवी, अरुंद फळी बसवली. मी वर उभा राहून फोटो काढून घेतला.

मग पाऊस आला.

लाकूड लांबीत फारसं वाढत नाही. वाढतं ते रुंदीत. आठ इंचाच्या फळीनं पावसात एखादं सूत अंग धरलं तरी सहा फळ्यांचं मिळून पाऊण इंच होतं. त्या पाऊण इंचानं जावं कुठं? दोन्ही बाजूंना लोखंड, खाली गोल भोकांत आवळलेले बोल्ट. ते वर गेलं. आषाढात साट्याला मधोमध उंचवटा आला, तळलेल्या पुरीसारखा. दोन बोल्टांच्या टोप्या लाकडात रुतून दिसेनाशा झाल्या. एक फळी तर रात्री अशा आवाजात फुटली की कुत्रं पहाटेपर्यंत भुंकत होतं.

वेल्डर आला. साट्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "सर, रेल्वे आली म्हणायची आपल्या गावात."

सहा महिन्यांपासून त्यानं ते वाक्य जपून ठेवलं असावं. माझी खात्री आहे.

दुरुस्ती लगेच व्हायची होती, पण मामा पंढरपूरला गेले, मग त्यांचा गुडघा धरला, मग श्रावण संपला. तोवर वस्तीवरची पोरं दारात. तासगावचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला त्याचा रथ निघतो, हजारो माणसं दोर धरून ओढतात. "तासगावच्या गणपतीला रथ, तर आपल्या गणपतीला साटा," पोरं म्हणाली. नाही कसं म्हणणार? विसर्जनाच्या दिवशी केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या, आणि मूर्ती साट्याच्या मध्यावर ठेवली. मध्य म्हणजे तो उंचवटा. गणपती डावीकडं कलले. पोरांनी सरळ केले, उजवीकडं कलले. शेवटी लंगडत मामा आले. त्यांनी खिशातून पाचर काढली. सुताराच्या खिशात पाचर असतेच. ती पाटाखाली सरकवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या आता. मागं टेकून बसल्यात द्येव. लांब जायाचं हाय."

घराघरासमोर ट्रॅक्टर थांबत होता. बायका ओवाळायला पुढं येत. मागं गणपतीला ओवाळून झालं की एकेक जण वळून ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाई आणि जात्यांना हळदकुंकू लावी. कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्यापर्यंत पोचेतो दोन्ही जाती लालपिवळी झाली होती. बायको माझ्या शेजारी चालत होती, आणि बरंच अंतर ती काही बोलली नाही.

गौरी गेल्यावर साटा पुन्हा उघडला. मामांनी एकेका फळीची कड रंध्यानं एक सूत उतरवली. वेल्डरनं अँगलची भोकं घासून लांबट केली. ओल्या लाकडाला फट कमी, वाळल्याला जास्त, हे दोघांनी आपापसांत ठरवलं. मला सांगितलं नाही. मी चहा आणत होतो.

संध्याकाळी बिल आलं, वहीच्या पानावर, निळ्या पेननं. फुटलेली फळी बदलणे. लांबट भोके, चौदा नग. नवीन बोल्ट, वायसर. वेल्डिंग रॉड. त्याखाली रेघ, रेघेखाली बेरीज, आणि बेरजेच्या खाली वेगळ्या ओळीत, नीट अक्षरात : मागील येणे बाकी, मार्क १.

मी पान बायकोकडं दिलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं, जिन्याखालची वही काढली आणि करवतीच्या दातांच्या खाली ते उतरवून घेतलं.